आखाजीच्या घागरी

११ मे, शनिवार

घागरी मिळाल्या! काल अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, पितरांना पाणी दाखवून झालं, आता त्या घागरी कुठं ठेवायच्या म्हणून बाया देऊनच टाकत होत्या. "न्या आज्जी, त्यात पाणी काही गार होत नाय. नुसत्या शोभेच्या." पण काय देखण्या! चांदवडच्या बाजारातल्या, लाल-हिरव्या ऑइलपेंटच्या, वर पांढरी नक्षी. आमच्या वेळी साधी माती असायची. ह्यांच्या नावाची घागरसुद्धा सूनबाईने तसलीच आणली. हे असते तर म्हणाले असते, बारसं आहे का माझं?

तर घागरी कशाला – केशर आंब्याच्या कलमांना. बोअर आटला तेव्हापासून ठिबकच्या नळ्यांतून नुसती हवा फुसफुसते. रेडिओवर सांगत होते, बुडाशी घागर पुरा, भरा, झाका. माती पाझरते, मूळ हळूहळू पितं. वरून ओतलं तर निम्मं ऊनच पिऊन जातं. टँकरचं पाणी वाचवून घालायचं. आंघोळ आता तांब्याभर!

महेश म्हणतो, "आई, मृगापर्यंत बघतो. नाय जगली तर जेसीबी लावून सपाट करतो. ट्रकच्या पार्किंगला जागा मागतोय हायवेवाला." पोटचा पोरगा, पण बोलतो कसा!

१२ मे

सगळ्या पुरल्या. साधनाने टिकाव मारताना एका घागरीला तडा पाडला. बांधाकडच्या कलमाच्या. मी लय बोलले. "टँकरचं पाणी मातीत घालव आता!"

"मुद्दाम मारला का मी, आत्याबाई? माझ्या आंघोळीचं घालीन त्यात."

सून माझी, पण तोंड माझ्यापेक्षा तिखट. दुपारी जेवली नाही. मग मीही नाही.

१६ मे

वेदिकाचा फोन! नातीचा आवाज ऐकला की माझे गुडघेसुद्धा दुखायचे थांबतात. नाशिक रोडला उकाडा म्हणे. सातवा महिना. पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार. मी पणजी होणार! "आजी, माझ्या बाळाला घरचा आंबा देशील ना?" देईन गं बाई. सगळा जन्म ह्या घरात बाजारातूनच आंबा आला. आखाजीला ह्यांच्या घागरीवर ठेवतो तोसुद्धा विकतचा.

आणि घागरी? झाकण काढून बघितलं – भरलेल्याच! पोटभर पिऊन उरलंय. साधनाच्या फुटक्यात तेवढं रोज ओतावं लागतं.

२० मे

पानं लोंबली.

२२ मे

कडा करपल्या. हात लावला की पान हातात येतं. घागरी भरलेल्या आणि झाडं अशी! पुंजा भाऊजी शेजारच्या मळ्यातून आले, बघून म्हणाले, "वहिनी, पाणी जास्त झालं. मुळं कुजली असतील." मी खुरप्याने उकरलं. कुजायला ओल तर पाहिजे! खाली नुसता फुफाटा. घागरीच्या पोटाला चिकटलेली मातीसुद्धा कोरडी ठणठणीत.

तिथंच बसून रडले. पाणी बुडाशी आणि झाड तहानेलं – हे कुठलं पाप?

 

२४ मे

बांधाकडचं कलम हिरवं आहे! एकटंच. फुटक्या घागरीचं!

साधना कमरेवर हात देऊन उभी. "आता सगळ्याच फोडू का, आत्याबाई?"

मला तेव्हा कळलं. पेंट! रंगाने मातीची भोकं बुजली. बाया सांगत होत्या की पाणी गार होत नाही. पाझरलंच नाही तर गार कुठून होणार? आणि मी नक्षी बघत बसले! भरलेली घागर बघून खूश होत होते मी. खूश!

साधनाला म्हटलं, चुकले गं. ती म्हणाली, "राहू द्या. टिकाव माझाच होता." मग दोघी हसलो, मग दोघी रडलो.

सगळ्या फोडल्या तर पाणी भसाभसा जाईल. साधनाने तोड काढली – तळाशी खिळ्याने बारीक भोक पाडायचं, त्यात कापडाची वात घालायची. पण तिच्या साड्या सगळ्या पॉलिस्टरच्या, पाणी ओढेनात. शेवटी पेटीतून ह्यांचं धोतर काढलं. फाडताना हात थांबला. साधनाने दुसरं टोक धरलं.

२५ मे

वात ओली! खालची माती काळी पडली!

३१ मे

निम्मी कलमं गेली. उरलेल्यांच्याही काटक्याच दिसतात. हायवेवाला टेप घेऊन आला, महेशबरोबर जागा मोजून गेला. मी महेशला म्हटलं, ये, हात लावून बघ, ओल आहे. तो म्हणाला, "ओल असून काय, आई? वरती काय उरलंय?" जेसीबीवाल्याला फोन लावला त्याने. माझ्यासमोर.

जेवण गेलं नाही. वेदिकाला सांगितलं नाही. पोटुशी पोर, तिला कशाला.

४ जून

काटक्यांवर पालवीचे लाल डोळे फुटलेत! बारीक, मुंगीएवढे. साधनाला ओढत नेलं. तिने महेशला नेलं. तो उकिडवा बसून बघत राहिला. "हं," म्हणाला आणि गेला. हं म्हणजे काय?

७ जून, मृग

जेसीबी आला. मी कलमांत जाऊन बसले, साधनाही येऊन बसली. महेश लांबून ओरडला, "अगं उठा दोघी! तिकडं नाय, खालच्या खोलगटात! शेततळं खोदायचंय!"

उठताना साधनाला सांगून ठेवलं – माझ्या नावाची घागर आणशील तेव्हा बिनरंगाची आण.

"आणीन. पण आत्याबाई, इतक्यात नाय हं. आधी बाळाला आंबा."