बारावा अध्याय संपल्यावर

४ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि. इकडे सगळे सुखरूप. तुझी खुशाली तू कळवत नाहीसच, म्हणून ती आहे असं धरून चालते.

बातमी ऐक, पण आधी हातातली चामडं कापायची रापी खाली ठेव. रविवारी बाबा चर्चमध्ये उपदेश अर्धवट टाकून व्यासपीठावरून खाली उतरले! बायबलमधलं एकच शुभवर्तमान अकरा वर्षं ओळ-ओळ समजावत ते बाराव्या अध्यायाशी आले होते. प्रभू लोकांशी शेवटचं बोलतो आणि निघून जाऊन लपतो, तिथे. तेवढं वाचलं, चष्मा काढला, पुस्तक मिटलं आणि तडक घरी. मी ऑर्गनवर. मला काही सुचेना, मी आपलं एकच गीत दोनदा वाजवलं.

घरी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, चारचौघांत बोलायचं होतं ते संपलं. प्रभूचं की तुमचं, असं विचारलं तर नुसते हसले. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. चर्चची मंडळी माझं डोकं खातेय. तू थोरला, तुला काही उमगतंय का?

पत्राला उत्तर देण्याइतका तरी लोभ असू दे.
तुझं शेंडेफळ

९ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र एका गिऱ्हाइकाच्या बुटात ठेवून विसरलो होतो. बूट द्यायच्या आधी सापडलं हे नशीब.

मला काय उमगणार, कपाळ? सहा वर्षांत आमच्यात शब्द नाही. त्याच व्यासपीठावरून त्यांनी माझी दारू मंडळीला दृष्टांत म्हणून सांगितली. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना माझ्या बाकाकडे वळल्या. तेव्हा दारू सोडून मला चार महिने झाले होते गं. घरात एकदा विचारलं असतं तर कळलं असतं. तेव्हा बोलणं थांबलं असेल तर उत्तमच झालं.

जेवतात ना वेळेवर? आणि पुढच्या अध्यायात काय आहे, मी विसरलो. नुसतं विचारतोय हं.

माया आहेच, ती दिसत नाही इतकंच.
दादा

१४ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम. तेरावा अध्याय आज मीच काढून वाचला. बाहेरच्या लोकांशी बोलणं आता बंद. जेवायला फक्त आपली माणसं. प्रभू उठतो, कमरेला टॉवेल बांधतो आणि एकेकाचे पाय धुतो.

वाचून स्वयंपाकघरात आले, तर आईचं एनॅमलचं पसरट तसराळं जागेवर नाही. बाबाही नाहीत. टेबलावर तुझं पाकीट, तुझ्या पत्त्याची बाजू वर. रागावू नकोस, तुझं पत्र त्यांना दिसेल असं मीच ठेवलं होतं.

दादा, दुकान बंद करून कुठे जाऊ नकोस. जिवाला घोर लागलाय, लगेच कळव.
शेंडेफळ

१६ मार्च

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद. पोचले.

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. बाबा चौथे, स्टुलावर, मांडीवर पिशवी धरून बसले. मी मुद्दाम एका टाचेला नको तितके खिळे मारत राहिलो. शेवटचा माणूस गेल्यावर त्यांनी स्वतःच दार लोटलं. म्हणाले, चूक मंडळीसमोर केली, ती मंडळीसमोरच कबूल करणार होतो. पण त्या ओळीपाशी आल्यावर वाटलं, आधी तुझ्याकडे यायला हवं.

मग पिशवीतून तसराळं काढलं. मी म्हटलं, बाबा, भलतंच काय! तर म्हणाले, शिष्यांतल्या पेत्रानेही असेच आढेवेढे घेतले होते, शेवटी पाय पुढे करावेच लागले. माझे पाय पॉलिशने काळेकुट्ट, पाणी क्षणात शाई झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खाली बघतच त्यांनी विचारलं, दारू कशी सोडलीस? सहा वर्षं या एका प्रश्नाची वाट बघत होतो गं. मी सांगत गेलो, रडत सांगत गेलो, आणि बाबा ऐकत होते. पाणी गार झालं तरी त्यांनी पाय सोडले नाहीत.

तुझा दादा