एक मान, सोळा स्कार्फ

३ नोव्हेंबर, सोमवार

नव्या फोनने आज मला ओळखायला चक्क नकार दिला! चारदा त्याच्यासमोर तोंड धरलं. 'पुन्हा प्रयत्न करा.' अरे मेल्या, तोंड हेच आहे, दुसरं कुठून आणू?

शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने फोनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तो स्कार्फ हनुवटीखाली घ्या. नाकापर्यंत गुंडाळून आलात तर मीसुद्धा ओळखणार नाही." स्कार्फ खाली केला – फोन उघडला! पण मावशी म्हणाला, आजी नाही. दिवसभर तेवढ्यावर खूश होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

कपाट आवरलं. एक मान आणि सोळा स्कार्फ! लेक दर वाढदिवसाला एक पाठवते. कुरियरवालाही आता पाकीट दाबून म्हणतो, "काकू, परत मफलर!"

पहिला मात्र यांनी आणलेला. राखाडी, टोचरा. "भांडी पुसायला घेतलात का?" म्हटलं होतं मी. हे गेल्यापासून टोचत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

रविवार म्हणजे लेकीचा व्हिडिओ कॉल. दुपारपासून तयारी. तीन दिवस तोच स्वेटर अंगावर आहे, पण पडद्यावर दिसतं गळ्यापर्यंतच. वर स्कार्फ ताजा असला की आतली बाईही ताजी वाटते. आज निळा.

"आजी, थांब, सांगू नकोस! निळा!" नात ओरडली. आठ वर्षांची आहे. कॉल लागायच्या आधी रंग ओळखायचा, हा आमचा खेळ. लेक मागे भांडी लावत होती. "आई, काय मस्त दिसतेस! एकदम ठणठणीत." मग – "सुट्टीत यायचं म्हणत होतो ना, ते पुढच्या वर्षी केलं तर? यांना रजा मिळत नाहीये. तू ठणठणीत आहेस म्हणून विचारते हं."

"अगं चालेल की! मला तरी कुठे वेळ आहे?"

कॉल संपला. काळ्या पडद्यात निळा स्कार्फ गुंडाळलेली एक बाई दिसत होती. बराच वेळ बसली होती.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज कोणाशी बोलणं नाही. चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं तर फोनच म्हणाला, "मी तुमची काय मदत करू?" म्हटलं, बस जरा. "माफ करा, मला समजलं नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई निरोप घ्यायला आल्या. महिनाभर बहिणीकडे चालल्यात. जाताना एक विद्या देऊन गेल्या – आपण बोलायचं, फोन लिहितो. "नवऱ्यापेक्षा बरा. ऐकतो तरी!" मी बोलून पाहिलं, "भाजी संपली." त्याने लिहिलं, 'भाभी संपली.' नर्सबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अरेरे. कधी?" दोघी इतक्या हसलो की त्यांचा चष्मा पडला.

त्या गेल्यावर वरून पावलांचा आवाज येत नाही. एवढी सवय झाली होती, कळलंच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पिवळा स्कार्फ बांधून बसले. 'आई, आज हिची पोहण्याची स्पर्धा आहे, उद्या करते.' पिवळा सोडून घडी घातली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

'उद्या'ही गेला.

संध्याकाळी धीर केला. फोन तोंडाजवळ धरला आणि आजवर कधी न बोललेलं बोलून टाकलं – "अगं, मी इथे एकटी आहे." न वाचताच पाठवलं. वाचलं असतं तर पाठवलंच नसतं. मग चष्मा लावला.

'अगं मी इथे एक टी आहे.'

एक टी! म्हणजे चहा! लेकीकडून लगेच दोन हसरे चेहरे आले. 'बरं गं चहाबाई! साखर कमी घाल.'

मीही एक हसरा चेहरा पाठवला. दुरुस्त करता आलं असतं. 'क' आणि 'टी' यांच्यातली मोकळी जागा तेवढी काढायची होती. नाही काढली. म्हटलं, यंत्रानेच आपली मूठ झाकली ठेवली. असू दे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरच्या ग्रुपवर माझं बारसं झालं – टी आजी! जावई लिहितात, 'सोबत बिस्किटं किती?' छान चाललंय सगळ्यांचं. चहा केला. सवयीने दोन कप काढले होते, एक परत ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

कॉल आला. लाल स्कार्फ. नातीने बरोबर ओळखला.

ती हल्ली मराठी वाचायला शिकतेय. लेक तिला माझेच मेसेज वाचायला देते – "सोपे असतात ना!" आज मला वाचून दाखवायचं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत – "अ-गं, मी, इ-थे, ए-क-टी, आ-हे."

"एक टी, पिल्लू. चहा," लेक हसत म्हणाली.

"पण आजी चहा कशी असेल?" परत वाचलं. या खेपेला सलग. "एकटी. आई, एकटी म्हणजे काय?"

लेक हातात ताटली घेऊन उभी होती. ठेवेना. माझ्याकडे बघत राहिली. मी स्कार्फची गाठ नीट करायला लागले. गाठ नीटच होती.

"नेट गेलं वाटतं गं," म्हणाले आणि कॉल कापला. नेट कुठेही गेलं नव्हतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

न्हाऊन बाहेर आले तर लेकीचे पाच कॉल येऊन गेलेले – मंगळवारी! केस ओले, मान उघडी, स्कार्फ सुचलाच नाही. तसाच फोन समोर धरला. त्याने एका झटक्यात ओळखलं. उलट व्हिडिओ कॉल लावला.

लेकीला मात्र वेळ लागला. "किती बारीक झालीस गं आई." मग नाक ओढून, दटावून – "शनिवारी पोचतोय आम्ही तिघं. आणि स्कार्फ बांधून दार उघडलंस तर बघ!"