दोन ओळींची शिफारस

मुलुंड पूर्व,
गुरुवार, दुपार

प्रिय भिकादादा,

टर्रर्र... लाकडी फुटपट्टी गॅलरीच्या गजांवरून ओढत पळत येणाऱ्या मुलाचा तो आवाज. जिन्यापासून आमच्या दारापर्यंत बावीस गज आहेत. बाविसाव्या गजाशी आवाज थांबायचा आणि आरोळी यायची, "बाबा, कविता पाठ झाली!" शेजारच्या माधुरीबाई करवादायच्या, "मास्तर, तुमच्या केतनने कानाचे पडदे फाडले हो!" मी त्याला खोटंखोटं रागवायचो. मला त्या टर्रर्रमध्ये चाल ऐकू यायची. जन्मभर पोरांकडून कविता घोकून घेतलेल्या मास्तराचं असंच होतं, त्याला पंख्याच्या कुरकुरीतही वृत्त सापडतं. हल्ली दुपारी डोळा लागला की अजून तो आवाज येतो. उठून दारापर्यंत जातो. गॅलरीत कुणी नसतं.

तुला ती सकाळ आठवते का रे? वेसाव्याच्या कोळीवाड्यात, तुझ्या ओट्यावर. माझ्या आणि लताच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. तुला चार मुलगे. तू आपणहून म्हणालास, "धाकटा तुमचा." कृष्णाबाईवहिनींनी दीड वर्षाच्या केतनला नारळासकट लताच्या ओटीत घातलं. रीतीप्रमाणे तू साऱ्या आळीला ऐकू जाईल असं तीनदा म्हणालास, "दिला, दिला, दिला." मी तीनदा म्हणालो, "घेतला." तिसऱ्यांदा माझा आवाज फुटला आणि बायका हसल्या. आळीतल्या सीताराम पाटलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, रजिस्ट्रारकडे जाऊन एक कागद करून टाका." ते ऐकून तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, "भावाभावात कागद कसला रे?" मला ते वाक्य इतकं आवडलं की घरी येऊन वहीत उतरवून ठेवलं. वही अजून आहे. अक्षर बघ माझं त्यातलं, किती आनंदी आहे.

साडेसात वर्षं. तेवढीच आम्ही आईबाप होतो. मग धोंडिराम बोटीवरून पडून गेला. तुझा थोरला, भरल्या अंगाचा मुलगा. मी तुझ्या दुःखाला कमी लेखत नाही, दादा, आजही नाही. चार महिन्यांनी तू इथे आलास, "नारळी पौर्णिमेला केतनला दोन दिवस नेतो, वहिनीला बरं वाटेल तुझ्या." लताने त्याच्या पिशवीत नवा सदरा घातला, फुटपट्टी घातली. दोन दिवसांचे आठ झाले. मी घ्यायला आलो तेव्हा पोरगा ओट्यावरून धावत सुटला आणि वहिनी आतून म्हणाल्या, "काका आले बघ. काका म्हण." तो थबकला. माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि "काका" म्हणाला. मी तुला विचारलं, हे काय चाललंय? तू जाळ्यातून मानही वर काढली नाहीस. "कागद दाखव मास्तर," म्हणालास. जन्मदाखल्यावर तुझं नाव होतं, तुला तेवढं पुरलं. परतताना बसमध्ये लता एकच म्हणाली, "फुटपट्टी तरी मागून घ्यायची." त्यानंतर तिने त्याच्याबद्दल बोलणं सोडलं. चार वर्षांपूर्वी गेली, तोवर. आणि तू त्या दिवसानंतर एकदाही हे तीन मजले चढला नाहीस.

आता तुझी सून, केतनची बायको. निशा गुणी आहे, ते कबूल. गेल्या रविवारी आली, डब्यात सुकटीची चटणी घेऊन. लग्नाला बारा वर्षं झाली, आता त्या दोघांनी मूल दत्तक घ्यायचं ठरवलंय, हे तिनेच सांगितलं. सोबत छापील कागद होते. मी म्हटलं, मास्तरला समजेल असं सांग. ती समोर बसून बोटांवर मोजायला लागली. संस्थेतून घेतात ते एक, त्याला सरकारी नोंदणी, घरी येऊन चौकशी, मग रांग. नात्यातलं घेतात ते वेगळं. लग्नानंतर जोडीदाराचं आधीचं मूल आपलं करून घ्यायचं, तो तिसरा प्रकार. परदेशातले लोक घेतात, त्याचे नियम आणखी कडक. आणि प्रतिपालन म्हणजे मूल काही काळ सांभाळायचं, पण ते आपलं होत नाही. तिथे मी तिला थांबवलं. म्हटलं, बाळ, आमचं कुठल्या बोटावर येतं गं? "तुमचं काय, काका?" तिने विचारलं. तिला सगळं ठाऊक नव्हतं, दादा. तुझ्या घरात ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. मग तिने पिशवीतून दुसरा कागद काढला, हळूहळू वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला. "काका," ती म्हणाली, "आपल्या कायद्यात देणं आणि घेणं झालं, दोन्ही आयांची संमती असली, की दत्तक पक्कं. रजिस्टर केलंच पाहिजे असं नाही. आणि एकदा झालेलं दत्तक मोडता येत नाही. खऱ्या आईवडलांनाही नाही."

तेहतीस वर्षं मी समजत होतो की माझ्याकडे कागद नव्हता म्हणून माझं मूल गेलं. कागदाची गरजच नव्हती. आख्खी आळी साक्षीला होती, आणि मी कवितेची वही छातीशी धरून घरी बसलो! त्या रात्री मला तुझा जितका राग आला तितकाच माझाही आला. माझा मी गिळला. तुझा शिल्लक आहे.

आणि परवा मंगळवारी तुझा फोन. इतक्या वर्षांत पहिला. तब्येत नाही विचारलीस, लताचं नाव नाही काढलंस. "मास्तर, केतनच्या अर्जाला ओळखीच्या दोघांच्या शिफारशी लागतात. एक झाली. दुसरी तू दोन ओळी खरडून दे ना रे, तुझं अक्षर चांगलं." म्हणून हे पत्र. दोन ओळी मी लिहिल्या आहेत, सुवाच्य अक्षरात, टेबलावर पाकिटात आहेत. ऐक. "या घराण्यात दिलेलं मूल परत घेतलं जातं. संस्थेने चौकशी करावी." खाली सही, निवृत्त मुख्याध्यापक. शनिवारी निशा न्यायला येईल. बाण केतनला लागणार, कुठल्याशा पाळण्यात पडून राहिलेल्या पोराला लागणार, हे मला दिसतं. तरी मी त्या लिहिल्या. हे टाळायचं असेल तर शनिवारच्या आत तू इथे ये. फोन नको, निरोप नको. तीन मजले चढ, माझ्या दारात उभा राहा आणि जे ओट्यावर बोलला होतास ते इथे बोल.

तुझाच धाकटा,
शिवदास

ता. क. या पत्रावर सही करून पाकीट चिकटवत होतो तर टर्रर्र झालं. जागेपणी, दादा, शप्पथ. गजांवरून, हळू, पण तोच आवाज. केतन आला म्हणून उठताना चहाचा कप सांडला. दाराच्या भिंगातून पाहिलं तर तू. ऐंशीचा, धापा टाकतोयस, आणि काठी गजांवर ओढत आलायस. मग आठवलं, लहानपणी आईचा मार खायचास तू याच खोडीपायी, वल्ह्याचा तुकडा कुंपणावर ओढायचास म्हणून. म्हणजे तो आवाजही तुझाच होता. तोही मी फुकटच सांभाळला.

बेल वाजवू नकोस. हे पत्र दाराखालून सरकवतो आहे. उभ्याउभ्या वाच. चष्मा विसरला असशील तर माधुरीबाईंचं दार वाजव, त्या मोठ्याने वाचून दाखवतील, आवडेल त्यांना. वाचून झालं की एकदाच बोल, तीनदा नको, तेवढा दम तुला उरला नाही. "दिला होता." तिन्ही मजल्यांना ऐकू जाऊ दे. मी कडीवर हात ठेवून उभा आहे, आणि नवा कोरा कागद टेबलावर काढून ठेवलाय.