आतला चेंडू

३ जुलै १९८४, ओमाहा

बसमध्ये पाठ मोडली. चौतिसावं लागलं, बेसबॉलचा हा नववा संघ, आणि वरच्या लीगमध्ये आजवर एकच उन्हाळा! बायकोचा, नदीनचा फोन. "व्हर्जिल, माझ्या बाबांना दुकानात माणूस हवाय. मी त्यांना किती दिवस थोपवू?" म्हटलं, एवढा हंगाम जाऊ दे. गेल्या वर्षीही हेच म्हटलं होतं. तिने फोन ठेवला.

५ जुलै

आज खेळवलं नाही. कुंपणामागच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया थुंकत बसलो. जाताना मॅनेजर हास्केल कानाशी आला— "वरच्या संघाला चेंडू टाकायला डावखुरा पिचर हवाय. त्यांचा माणूस उद्या बघायला येतोय. घाण करू नकोस, म्हाताऱ्या."

६ जुलै

लिहवत नाही.

७ जुलै

लिहायलाच हवं.

कालचा आठवा डाव. आम्ही एका धावेने पुढे, तिन्ही बेस त्यांच्या माणसांनी भरलेले. चेंडू टाकायला मला बोलावलं. समोर बॅट घेऊन एलाडिओ मोंतास. दोन वर्षांपूर्वी आम्ही एकाच संघात होतो. हॉटेलच्या खोलीत चोरून शेगडी लावायचा, भात आणि घेवडा शिजवायचा. "खा रे गोऱ्या, वाळलास!" म्हणत मला वाढायचा.

हास्केलने चेंडू हातात दिला. "तो बाहेरच्या चेंडूवर टपलाय. पहिला आत टाक, अगदी अंगाजवळून, मागे सरकव त्याला."

आत टाकला. डाव्या डोळ्याखाली लागला.

तो आवाज लिहिणार नाही.

चेंडू अंगाला लागला की बॅटरला पहिला बेस फुकट, बाकीचे एकेक बेस पुढे; एक धाव त्यांना मिळाली, बरोबरी झाली. त्याला उचलून नेलं. मातीवर रक्त होतं, त्यावर कोणीतरी फावड्याने कोरडी माती ओढली. हास्केल म्हणाला, "पुढचे टाकशील ना?" टाकले. पुढचे तिघेही बाद केले. आयुष्यात इतके चांगले चेंडू टाकले नव्हते! का, ते मलाच ठाऊक नाही.

वरून आलेल्या माणसाने हात मिळवला. "डोकं थंड आहे तुझं. असाच माणूस हवा."

८ जुलै

हॉस्पिटल. डोळा गेला. खोलीच्या दारात त्याची आई, रात्रभर बसने आलेली. माझं नाव सांगितलं. तिने माझा डावा हात धरून उलटा-सुलटा केला. भाजी पारखावी तसा.

"हाच?"

"हो."

हात सोडून दिला. "जा."

९ जुलै

वर बोलावलंय! नदीन फोनवर रडली, आनंदाने. तिला एलाडिओचं सांगितलं नाही. विमानात माझ्या पुढ्यात कोंबडीचं ताट. शिवलो नाही.

१३ जुलै

मोठं स्टेडियम. वर आल्यापासून पहिल्यांदाच मैदानात उतरवलं. बॅटरमागे बसलेला कॅचर खुणेने आत मागतोय, माझा हात बाहेर टाकतोय. पुन्हा आत मागितला. पुन्हा बाहेर. तिसरा बॅटरने थेट प्रेक्षकांत मारला. कॅचर चालत आला— "अरे, माझी खूण दिसते ना तुला?" दिसते म्हटलं.

१९ जुलै

तेच. बॅटर आता पुढे सरकून उभे राहतात. मी आत टाकत नाही, हे सगळ्या लीगला कळलंय.

पिचिंगचा कोच भला माणूस. म्हणाला, "खेळात होतं असं. आम्ही सगळ्यांनीच कोणाला ना कोणाला मारलंय." आणि मग— "पण आत टाकता येत नसेल तर तुला ठेवून करू काय?"

२४ जुलै

संघाने काढून टाकलं. खालच्या संघालाही नकोय. हास्केलला फोन केला. तो म्हणाला, "मी सांगितलेला चेंडू होता तो. तुझा नाही." खरंच सांगितला होता त्याने. पण रात्री माझीच झोप उडते.

६ ऑगस्ट, घरी

सासऱ्यांच्या दुकानात पशुखाद्याची पोती उचलतो. उजव्या हाताने. नदीन बघते.

१५ ऑगस्ट

काल रात्री सांगितलं तिला सगळं. दिवा मालवून. ती म्हणाली, "त्याला फोन केलास का?" नाही केला. काय बोलणार?

२ सप्टेंबर

त्यानेच केला.

"गोऱ्या, ऐक. चेंडू दिसला होता मला. सरकता आलं असतं. मलाही त्या आठवड्यात काढणार होते. तिन्ही बेस भरलेले, अंगावर घेतला की धाव आपली. खांद्यावर घ्यायला म्हणून पुढे वाकलो."



मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. ती तुझ्यावरच चिडलेली बरी."