नव्या टीव्हीवर सगळे जाड दिसतात

४ जून

आला एकदाचा टीव्ही! भिंतीवर चढला आणि बैठकीची खोली एकदम लहान झाली. बसवणारा माणूस स्क्रू आवळून, सही घेऊन गेला. जाताना म्हणाला, "चित्र बघा, एक नंबर." असेल बाबा. मला तर बातम्या देणारी बाई तापानं फणफणल्यासारखी दिसत होती. गाल लालबुंद, ओठ त्याहून लाल.

यांना विचारलं, तर म्हणे, "दुकानात असाच होता. तूच म्हणालीस हा छान." म्हणाले होते खरं. पण दुकानात ओळीनं इतके टीव्ही लावलेले असतात की जो जास्त भडक, तोच डोळ्यांत भरतो. दिवसभर लोकांचे कपडे उसवून-आवळून देते मी. निळ्याला निळाच दोरा लावते. रंगातलं मला कळत नाही, असं कोणी म्हणू नये.

५ जून

लेकीनं उलगडा केला. टीव्ही अजून दुकानाच्या सेटिंगवरच होता! तिनं बदललं आणि बाईचा ताप उतरला. मग उलटंच झालं, सगळं इतकं फिकं की मला ते धुऊन उडालेलं वाटायला लागलं.

"आई, ओळखीचे रंग लावून बघ ना," ती म्हणाली. तिच्या पहिल्या वाढदिवसाची सीडी काढली. जुना प्लेअर वायरनं जोडला. पिवळा फ्रॉक मीच शिवलेला, तो अगदी जसाच्या तसा पिवळा दिसला. मन निवलं. चित्र मात्र मधोमध, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. लेक म्हणाली, जुनी चित्रं चौकोनीच असतात, ही त्यांची मूळ चौकट. मी आपली फ्रॉककडेच बघत होते.

एवढ्यात हे उठले आणि टीव्ही बंदच केला. "पुरे. डोळे दुखायला लागले." मॅच असली की दिवसभर न दुखणारे डोळे!

७ जून, रविवार

मावशीचा फोन. लेक शिकायला परगावी जाणार, त्याआधी ताईला तिला एकदा बघायचंय. पुढच्या रविवारी येऊ का, म्हणून विचारलंय. माझी सख्खी थोरली बहीण, आणि एवढं विचारायला मधे मावशी लागते.

आमच्या लग्नाच्या वेळी ताईनं नाक मुरडलं. यांना तोंडावर नको ते बोलली. तेही मी गिळलं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या घरी जाऊन बोलावून आले. आली नाही. तेव्हापासून बोलणं बंद. आता मावशी म्हणते, "अगं, ती आली होती. दारातून परत गेली म्हणते."

दारातून? त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आणि सगळं सीडीत आहे. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीवर वाद झाला की सीडी लावायची. कोण आलं होतं, कोण कुठे बसलं होतं, दोन मिनिटांत निकाल. माझ्या दिरालासुद्धा असंच गप्प केलं होतं एकदा. ताई सीडीत नाही. म्हणजे ती आली नाही.

तरी मावशीला तडकाफडकी नाही म्हणवेना. सांगते म्हटलं.

८ जून

ताई डोक्यातून जाईना, म्हणून सीडी लावली. बघते तर काय, सगळे जाड! मी जाड, सासूबाई जाड, केकसुद्धा आडवा पसरलेला. काळे पट्टे गायब, कडेचं थोडं चित्र कापलेलं आणि माणसं कानाला धरून दोन्हीकडे ओढल्यासारखी. आमच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन सांगतं, कपडा आटला. इथे माणसंच फुगली.

लेक म्हणाली, "मी हात लावला नाही." हे म्हणाले, "आपोआप करतो तो. नवीन तंत्र आहे." मूळ चौकट कशी आणायची ते लेकीकडून शिकून घेतलं आणि तसं करून ठेवलं.

९ जून

पुन्हा जाड.

१० जून

टीव्हीच्या दुकानात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, आपोआप होत नाही. घरातलं कोणीतरी करतंय."

घरात माणसं तीन. मी नाही, लेक नाही.

संध्याकाळी कामावरून जरा लवकर आले. हे रिमोट घेऊन उभे, चष्मा कपाळावर, एकेक बटण शोधतायत. ज्या माणसाला मोबाइलवर गजर लावता येत नाही, तो सेटिंगमध्ये शिरलेला! मला बघून दचकले. "काळे पट्टे बघायला टीव्ही घेतला का आपण?" मग म्हणाले, ती सीडीही टाकून दे, घासली आहे. मग म्हणाले, जुनाच टीव्ही बरा होता.

जुना नको, जुना नको, म्हणून वर्षभर भुणभुण कोणाची होती? मला खरंच काही कळेनासं झालंय. चित्र खराब आहे, की यांचे डोळे, की माझं डोकं?

११ जून

यांना ताईचं सांगितलं. हातातला रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी बहीण, तू ठरव." जरा वेळानं स्वयंपाकघरात आले, उगाच भांडी पुसत राहिले. "इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं? पोरगी चाललीय, घर आनंदात आहे."

बरं वाटलं ऐकून. त्या वाढदिवशी पाहुणे गेल्यावर मी रडत बसले होते, तेव्हाही पाणी घेऊन हेच आले होते. "ज्याला यायचं नाही, त्याची वाट किती बघशील?" म्हणाले होते. असा नवरा सगळ्यांना मिळत नाही.

पण आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे एक ताईच. ती गेली तर मला लहानपणचं कोण विचारणार?

१३ जून

मावशीला सांगून टाकलं. ताईला म्हणावं, येऊ नकोस. मावशी नुसतं "बरं" म्हणाली. दुपारी सरळ शिवण दोनदा उसवली.

१४ जून, रविवार

हे आंघोळीला गेले, लेक झोपलेली. ताई सीडीत नाही हे एकदा बघावं आणि मन घट्ट करावं, म्हणून मूळ चौकट आणली.

जुन्या टीव्हीवर डावीकडची कड कापलीच जायची. आता तिथे आमचं दार दिसतं. दारात ताई. हातात कागदात गुंडाळलेला खोका. आत बघून हसतेय. मी पाठमोरी, मेणबत्त्या लावतेय. तिच्यासमोर हे. यांनी नाही म्हणून मान हलवली. तिनं खोका पुढे केला. यांनी घेतला नाही. दार लावून घेतलं आणि टाळ्या वाजवत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

परत लावलं. परत तेच.

आतलं पाणी बंद झालंय. ताईला फोन लावलाय. वाजतोय.