कचऱ्याच्या डोंगरावरच्या कुरडया

चि. सौ. शकूस दादाचे तोंडभर आशीर्वाद.

आप्पासाहेब दाजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझ्या सासूबाईंची कवळी सापडली का? (मागच्या खेपेस उशीच्या अभ्र्यात निघाली होती, आधी तिथे बघा.) नवरीमुलगी नीट जेवते ना? लग्नाआधी वाळायचं खूळ हल्ली फार. म्हैस व्यायली का? इकडे मी बरा. तुझी वहिनी मथुरा बरी, तिचा आवाज तर जरा जास्तच बरा. फोनच केला असता, पण ती शेजारीच बसलेली असते आणि मजकूर तिच्या कानावर घालण्याजोगा नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्या जुन्या शिवारापलीकडचा कचराडेपो बंद झाला. आता त्या डोंगरावर, शेततळ्याला घालतात तसा जाड काळा कागद अंथरताहेत, म्हणजे पाणी आत मुरून खालच्या विहिरी नासायला नकोत. तिथे मला राखणदार नेमलंय. काम एकच, कागदाला टोचेल असं काही वर जाऊ द्यायचं नाही. चपलांचे खिळे, टाचण्या, बायकांच्या पिना, सगळं मी गेटवर काढून घेतो. (एका साहेबांची टायपिनही काढून घेतली. ते अजून बोलत नाहीत.)

आता तुझ्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या रुखवतातल्या कुरडया मामाकडूनच जायच्या, हे ठरलेलं. मथुरेने गहू भिजवून, चीक शिजवून सोऱ्याने कुरडया घातल्या. पण वाळवायच्या कुठे? आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलरची तावदानं. उरलेल्या जागेत 'वाळवण घालू नये. विचारूही नये.' अशी पाटी. मला एकदम तो डोंगर आठवला. स्वच्छ, काळा, तव्यासारखा तापलेला! सकाळी मथुरेचं नऊवारी लुगडं, एक काठ कागदाच्या सांध्यावर येईल असं सरळ अंथरलं, कुरडया मांडल्या आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चारही कोपऱ्यांना बाभळीचे काटे टोचले, खळ्यावर ताडपत्रीला टोचायचो तसे. लोकांच्या पायातले काटे बघणारा मी, हातातले दिसलेच नाहीत बघ.

दुपारपर्यंत कुरडया खुळखुळायला लागल्या. तेवढ्यात तपासणीवाला युसूफ माणसं घेऊन वर येताना दिसला. (खराडीत राहतो, पोरगा गुणी, जीभ तिखट.) मी काटे उपटले, कुरडया लुगड्यातून जवळच्या टबात ओतल्या आणि वर झाकण टाकलं. इथे कागदाचे तुकडे दुहेरी शिलाईसारखे जोडतात. मधल्या पोकळीत हवा भरायची, दाब मोजायच्या घड्याळाचा काटा जागचा हलला नाही तर सांधा पक्का. आमचा काटा सरसर खाली आला. मी लगेच म्हटलं, उंदीर असेल.

भोक शोधायला त्या टबातलं साबणाचं पाणी लावतात, जिथे बुडबुडा तिथे भोक. युसूफने झाकण काढून टबात ब्रश बुडवला आणि ब्रशला अडकून कुरडई वर आली.

"काका, उंदराने शिदोरीही आणलेली दिसते."

मग सांध्यावर दोन ठिकाणी बुडबुडे आले, समोर लुगड्याच्या पन्ह्याइतक्या अंतरावर काट्यांची आणखी दोन भोकं दिसली. त्याने टेप लावला, मनाशी हिशेब केला. "नऊ वार. उंदीर नऊवारी नेसतो वाटतं!"

माझी नोकरी जाणार हे मी ओळखलं. भाचीच्या लग्नाचं सगळं सांगून टाकलं. युसूफने ब्रश खाली ठेवला. लहानपणी त्याची आई रझियाबी शेवयांची राखण त्याच्याकडेच द्यायची म्हणे. त्याने चारही भोकांना ठिगळं लावली, सांधा पुन्हा तपासला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी काटा दिसला तर तुम्हालाच अंथरतो."

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, मुलीला आशीर्वाद.

तुझा दादा
सोनबा

ता. क. हिंदुरावच्या टेम्पोतून कुरडयांचा डबा पाठवलाय. धुऊन पुन्हा वाळवल्यात. रुखवतात मांडायला झकास, पण कुणाला तळू देऊ नकोस. मी एक तळून पाहिली, कढईभर फेस झाला.

आणखी ता. क. खरं काम आता लिहितो. तुझ्या गच्चीवर पाटी नाही. तेवढा एक घाणा नव्या कुरडया घाल आणि मांडवात 'मामाकडच्या' म्हणून सांग. मथुरेला कळलं तर ती मला त्याच कागदाखाली पुरेल, आणि वरून सांधा युसूफकडून तपासून घेईल. उत्तर लवकर लिही, पण घरी नको, डेपोच्या चौकीवर पाठव. पाकिटाला टाचणी लावू नकोस. गेटवर काढून घेतात. मीच घेतो.