आवाज नाही म्हणे

२८ सप्टें., रविवार. रिचमंड हिल.

निळी, आमची जुनी गाडी, जोडून झाली. पंधरवडाभर तिची आतडी गॅरेजभर पसरली होती. सु.ने इंजिनाचं हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, टॅपेट लावले. सगळं स्वतः, घरी. बायको इंजिन उघडते आणि नवरा टॉर्च धरतो हे आमच्या गल्लीला आता पाठ आहे.

टॉर्च नीट धरत नाही म्हणून बोलणी खाल्ली. "माधव, उजेड बोल्टवर पाड, माझ्यावर नको." चांगली ओळ. हातात पाना घेऊन म्हटली म्हणून वाया गेली.

१८ ला विंडसरला तिच्या मोटारींच्या कारखान्यातल्या निवृत्तांचा मेळावा. निळी घेऊन जायचं ठरलं आहे. बर्फासाठी रस्त्यावर मीठ पडायच्या आत शेवटची फेरी, मग वसंतापर्यंत गाडी गोधडीखाली.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी.

गॅरेजात पाट. पाटावर पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज. झेंडू प्लाझातून, मोजके आणि महाग. इंजिनाच्या झाकणाला हळदकुंकू, त्यावर विड्याचं पान, पानावर गणपती म्हणून सुपारी. ही सुपारी तिच्या वडिलांच्या सांगलीच्या लेथवरची. ती कॅनडात आली तेव्हा बॅगेतून आणलेली. दरवर्षी तीच. देवावर तिचा विश्वास नाही, सुपारीवर आहे.

तिकडे पूजा रात्रभर उघडी राहिली असती. इथे गेल्या वर्षी खारींनी वायर कुरतडली. म्हणून संध्याकाळी तिने फुलापानांवरच बॉनेट लावलं.

२ ऑक्टो., दसरा.

सकाळी मला निर्माल्य उचलायला सांगितलं. उचललं. ओल्या कचऱ्याच्या ग्रीन बिनमध्ये टाकलं, ट्रक येऊन घेऊनही गेला. मग सीमोल्लंघन: प्लाझापर्यंत जाऊन परत.

इंजिन सुरू होताच आवाज. टिकटिकटिक. बारीक, स्टीलच्या वाटीवर कुणी नख वाजवावं तसा. वेग वाढवला की तोही घाई करतो.

सांगितलं.

"कुठे?"

"इंजिनात."

"नाही."

एवढंच. वाद नाही, चौकशी नाही. घरी आल्यावर सुपारी शोधू लागली. टॉर्च मारून इंजिनावर पाहिलं, पाटाखाली पाहिलं. मग माझ्याकडे वळली. निर्माल्य मीच उचललं होतं. मी फुलं पाहिली, पान पाहिलं, सुपारी पाहिली नाही. ते सांगितलं. "तू कधी काय पाहतोस," म्हणाली, आणि आत गेली.

एका दिवसात दोन निकाल. जो आवाज आहे तो नाही. जी सुपारी मी पाहिलीच नाही ती मी टाकली.

४ ऑक्टो., शनिवार.

माझ्या समाधानासाठी (तिचे शब्द) टॅपेट पुन्हा तपासले. झाकण उघडलं, फीलर गेजची पाती एकेका फटीत सरकवली. सगळ्या फटी बरोबर. झाकण लावलं, इंजिन सुरू केलं. "आता?"

आता तोच. टिकटिकटिक.

तिने लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. कारखान्यात यासाठी तिला दुसऱ्या शेडमधून बोलावणं यायचं. बाकी लोक गप्प उभे राहायचे. मी पाहिलेलं आहे, एकदा, कुटुंबांना बोलावलं होतं तेव्हा. अभिमान वाटला होता.

डोळे उघडून म्हणाली, "घड्याळासारखं चालतंय."

घड्याळ टिकटिक करतं, मी म्हटलं. हसली नाही. पाने पुसत राहिली.

६ ऑक्टो., सोमवार.

आवाज फोनवर रेकॉर्ड करून लेकीला, केतकीला धाडला. वॉनहून तिचा फोन. "बाबा, आय हिअर इट. बट इट्स अ रिअली ओल्ड कार." पहिलं वाक्य साक्ष, दुसरं उलटतपासणी. तरी साक्षीदार मिळाला.

सु.ला सांगितलं. फोनचा माइक वाईट आहे म्हणाली. नंतर केतकीशी स्वतः बोलली. तीन वेळा "काय?" म्हणाली. फोन ठेवून: "ही पोरगी हल्ली फार पुटपुटते."

केतकी पुटपुटत नाही. केतकी कोर्टात उभी राहून बोलते, त्याचेच तिला पैसे मिळतात.

९ ऑक्टो., गुरुवार.

तज्ज्ञ आणला. मी नाही, तिने. जोगळेकर, तिच्याच कारखान्यातले, आता इथे मुलाकडे राहतात. आले, चकल्या खाल्ल्या, गॅरेजात गेले. इंजिनाभोवती प्रदक्षिणा. मान तिरकी. टिकटिक अशी की मला दाताखाली लागत होती.

"सुलभाताई, उत्तम. एकदम स्मूथ."

सु.ने माझ्याकडे पाहिलं. जोगळेकरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "माधवराव, तुम्ही कवितेचं बघा."

मी कविता कधीच लिहिली नाही. कॉलेजात शिकवली. तो फरक या माणसाला चाळीस वर्षांत समजलेला नाही, पण इंजिनातला समजतो.

जाताना दारात त्यांनी खिशातून एक डबी काढली आणि कानांची यंत्रं पुन्हा घातली. इंजिनाजवळ ती शिट्टी मारतात म्हणे, म्हणून गॅरेजात काढून ठेवली होती.

मी हे तिच्या नजरेस आणलं. "त्यांना अनुभव आहे," म्हणाली.

११ ऑक्टो., शनिवार.

ग्रोसरीहून परत येताना तिने डावीकडे वळून इंडिकेटर तसाच ठेवला. तो घरापर्यंत चालू. आत इंडिकेटरची टिकटिक, बाहेर इंजिनाची, मागे हॉर्न. तिला मागच्याचा राग आला. "लोकांना घाई फार."

घरात मायक्रोवेव्ह वाजून वाजून थांबला. तिने आपणहून उघडला नाही.

मग कळलं.

राग आधी तिचा आला नाही, कारखान्याचा आला. टेस्ट बेमध्ये, इंजिनं चालवून तपासतात तिथे, दिवसदिवस उभी असायची. कानात बोळे घालायचा नियम होता. बाकीचे घालत. ही घालत नसे: बोळे घातले तर इंजिन काय म्हणतंय ते कळणार कसं. वरिष्ठ पाहत होते. कुणी म्हटलं नाही, कारण तिचे कान त्यांना हवे होते.

संध्याकाळी म्हटलं, एकदा कान तपासून घेऊ. शक्य तितकं साधेपणाने म्हटलं.

हातातली कोथिंबीर खाली ठेवली. "माझे कान? माझे?"

मग माझ्याकडे वळून: "तुला इंजिनातलं काय कळतं ते सांग. एक भाग सांग. नाव सांग."

सांगता आलं नाही. पण आवाज ऐकायला नाव कशाला लागतं?

१३ ऑक्टो., सोमवार. थँक्सगिव्हिंग.

केतकीकडे जेवण. नातवाने विचारलं, "आजी, आर यू टेकिंग द ब्लू कार?" सु. म्हणाली, हो, छान झालंय, आणखी वाढ. सगळे हसले. तीही हसली, सगळ्यांच्या नंतर.

विंडसरला दुसऱ्या गाडीने जाऊ म्हटलं तर म्हणाली, तू बसने ये.

१५ ऑक्टो., बुधवार.

सु. मंडळात दिवाळीचा चिवडा करायला गेली. मी गॅरेजात.

इंजिन सुरू केलं. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, तिच्यासारखा धरला. टोक इथे, मूठ कानाला. इतक्या वर्षांत मला हे कुणी करू दिलं नव्हतं. आत किती काय काय चाललेलं असतं. टोक सरकवत गेलो. धुराच्या नळीवर पत्र्याचं एक आवरण आहे, तिथे टेकवलं आणि दचकलो. तिथेच. वाटी आणि नख.

बंद केलं. थंड होऊ दिलं. पत्र्याचे बोल्ट काढले. चुकीचा पाना घेतला असणार, दोनदा सटकला, बोटाचं सालपट गेलं. पत्रा सैल झाला आणि फटीतून ती खाली पडली.

सुपारी. एका बाजूने जळून काळी. दुसऱ्या बाजूला कुंकू अजून थोडं.

बॉनेट तिने लावलं तेव्हा पानावरून घरंगळली असणार. पत्र्यामागे अडकली, तिथेच वाजत राहिली. तिने वरून टॉर्च मारला होता, खालून नाही. पत्रा तापतो, त्यामुळे हातही गेला नसेल.

बोल्ट बसवले. सुरू केलं. शांत. फक्त इंजिन.

सुपारी धुतली नाही. कोटाच्या उजव्या खिशात ठेवली. मी बरोबर होतो. दोन्ही बाबतींत. पुरावा हातात, तो दाखवायचा म्हणजे तिच्यापुढे धरून म्हणायचं: ही तुझ्या कानाशी दोन आठवडे वाजत होती.

ती आली. बोटाची पट्टी पाहिली. खोबरं किसताना लागलं, म्हटलं.

"तू खोबरं कधीपासून किसायला लागलास?"

१६ ऑक्टो., गुरुवार.

तिने निळी सुरू केली, मला मुद्दाम बोलावलं. "आता आहे आवाज?"

"नाही."

"कधीच नव्हता. तुझ्या डोक्यात होता."

"असेल."

हा शब्द मी लग्नाआधीपासून टाळत आलो आहे.

दुपारी जोगळेकरांशी फोनवर बोलत होती. आता फोनवर ती फार मोठ्याने बोलते, त्यामुळे दार लोटून उपयोग नाही. "वडिलांची होती हो. माधवने निर्माल्यात टाकली. त्याला काय त्याचं." मी शेजारच्या खोलीत, कोट अंगात. मुठीत ती. खटला माझ्यावर, पुरावा माझ्याकडे आणि सुटकेला मीच नको म्हणतो आहे. कुणाला सांगायचं?

१८ ऑक्टो., शनिवार. विंडसर, हॉटेल.

निळी न कुरकुरता आली. वाटेत सु. गुणगुणत होती. किचिनरच्या पुढे इंडिकेटर राहिला. मी सांगितलं नाही, हात पुढे करून बंद केला. तिने हाताकडे पाहिलं.

मेळावा उघड्यावर, जुन्या गाड्या ओळीने. एकाच्या गाडीत खडखड. पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी हाक मारली, "सुला, कम लिसन." सगळे गप्प झाले, पूर्वीसारखे.

मी पाहत होतो.

तिने कान लावला नाही. तळवा ठेवला. एका जागी, मग दुसऱ्या. मध्येच मान वर करून त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहायची, मग हात सरकवायचा. शेवटी म्हणाली, "वॉटर पंप." त्यांनी हलवून पाहिला. पंपच. टाळ्या.

म्हणजे कान गेलेत हे तिला ठाऊक आहे. आज नाही, केव्हापासूनच. हातांना इतकं सरावायला वर्षं लागली असणार. आणि मला मात्र नाव सांग, भाग सांग, कवितेचं बघा. माझ्या डोक्यात होता. त्या पार्किंगमध्ये उभं राहून मला इतका संताप आला की नदीपलीकडचं डेट्रॉइट धूसर दिसू लागलं.

नंतर नदीकाठी चाललो. वारा पाण्यावरून थेट येत होता. ती कुडकुडत होती. स्वेटर गाडीत. मी कोट काढून दिला. द्यायच्या आधी खिसा आठवला का? आठवला असं लिहिलं तरी खोटं, नाही लिहिलं तरी खोटं.

तिने कोट घातला, हात खिशात घातले. चालत राहिलो. ती पाण्याकडे पाहत होती. उजवा हात बाकापाशी येईपर्यंत बाहेर आला नाही.

गाडीत बसल्यावर किल्ली फिरवायच्या आधी म्हणाली, "इंडिकेटर राहिला तर तोंडाने सांगत जा. हात मध्ये घालू नकोस."

"मोठ्याने सांगावं लागेल."

"मग मोठ्याने सांग."

आता ती झोपली आहे. कोट खुर्चीवर आहे. खिसा मी अजून पाहिलेला नाही.